दगडाचं वय आणि मूर्तीचं वय

जुन्या दगडी मूर्ती जमवणाऱ्यांमध्ये बसलं की एक प्रश्न हमखास निघतो: "किती जुनी असेल हो?" चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरचा दुकानदार "हजार वर्षं, पक्की" असं सांगून मोकळा होतो. गिऱ्हाईक आशेनं विज्ञानाकडे वळतं. कार्बन-१४ आहे, एक्स-रे आहेत, कुठलं तरी यंत्र आकडा सांगेलच, असा त्याचा समज असतो.

असं यंत्र नाही. आपल्याकडच्या बहुतेक मूर्ती ज्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसाल्टमधून, घडल्या, तो दख्खनच्या लाव्ह्यातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. त्या मंदिरातली मूर्ती आणि गेल्या वर्षी कोणी घडवून घेतलेली नंदीची मूर्ती प्रयोगशाळेत शेजारी ठेवली, तर दगडाचं वय दोन्हींचं जवळपास सारखंच भरेल. छिन्नी कधी लागली, याची नोंद खनिजांच्या पोटात होत नाही.

कार्बन-१४ ची पद्धत एके काळी जिवंत असलेल्या वस्तूंसाठी आहे: लाकूड, हाड, धान्य, कापड. बेसाल्टला ती लागू नाही. तापदीप्तीची पद्धत भाजलेल्या मातीला चालते, कारण भट्टीच्या आचेनं मातीतल्या स्फटिकांत साठलेली ऊर्जा शून्यावर येते आणि तिथून घड्याळ नव्यानं सुरू होतं. दगडी मूर्ती कोणी भाजत नाही. मात्र सूर्यप्रकाशानंही क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार या खनिजांमधलं असंच घड्याळ शून्यावर येतं. उन्हात राहिलेला दगडाचा पृष्ठभाग पुढे जमिनीत गाडला गेला, तर तो किती काळ अंधारात होता हे मोजण्याची पद्धत आता विकसित झाली आहे. पण तिची अट कडक आहे. नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्या पृष्ठभागाला उजेड दिसता कामा नये. मूर्ती खणून काढली, नळाखाली घासली आणि दिव्याखाली विकायला मांडली, की ते घड्याळ कायमचं पुसलं गेलं.

जुन्या मूर्तींच्या बाबतीत हे वारंवार घडतं. विज्ञानाला जे सांगता आलं असतं, त्यातलं बरंचसं मूर्ती जागेवरून हलवली त्याच दिवशी नाहीसं होतं.

उरतं त्यातलं पहिलं म्हणजे दगडाची जात. मुंबईकरांना यासाठी लांब जावं लागत नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारतच कुर्ल्याच्या करड्या बेसाल्टची आणि मालाडच्या पिवळसर दगडाची आहे. आत ऐहोळेच्या देवळाच्या छतातला ब्रह्मदेव वालुकाश्मातला, आणि घारापुरीहून आलेली महिषासुरमर्दिनी आपल्या बेसाल्टच्या मुलखातली. दोन्ही नीट पाहा. वालुकाश्मात वाळूचे कण सुटे कळतात आणि कडा थोड्या मऊ पडलेल्या असतात. बेसाल्टचे कण इतके बारीक, की साध्या डोळ्यांना एकसंध काळेपणाच दिसतो. बेलूर-हळेबीडचा होयसळ दगड वेगळाच. तो क्लोराइट शिस्ट, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेत राहून टणक होत जातो. तिथल्या मदनिकांच्या, म्हणजे देवळातल्या सुंदर स्त्रीमूर्तींच्या, गळ्यातले दागिने दगड न वाटता धातूचे वाटावेत इतके बारीक उतरले, त्यात कारागिराच्या हाताइतकाच या दगडाचाही वाटा आहे. अख्खं कोरीवकाम बेसाल्टमध्ये आहे आणि विक्रेता ते खजुराहोचं म्हणतोय, तर तिथंच थांबावं. खजुराहोची शिल्पं वालुकाश्मातली आहेत.

याच्या पुढची पायरी सूक्ष्मदर्शकाची. मूर्तीच्या मागच्या किंवा खालच्या न कोरलेल्या बाजूचा कपचा घ्यायचा, काचेवर चिकटवायचा आणि ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासत न्यायचा. एवढा पातळ झाला की काळाकुट्ट बेसाल्टही पारदर्शक होतो. ध्रुवित प्रकाशात प्लॅजिओक्लेजचे लांबट, करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे स्फटिक दिसतात, मधूनमधून ऑगाइटचे निळे-नारिंगी तुकडे चमकतात, आणि मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे दाणे मात्र काळेच राहतात. त्यांतून प्रकाश जात नाही. या मॅग्नेटाइटमुळेच दोऱ्याला टांगलेला ताकदीचा छोटा चुंबक बेसाल्टच्या मूर्तीकडे किंचित ओढला जातो. दगडाची भुकटी राळेत कालवून साच्यात ओतलेले नकली पीस बाजारात भरपूर आहेत. ते हाताला उबदार लागतात, आकाराच्या मानानं हलके भरतात, आणि साच्याचा सांधा कुठेतरी, बहुधा कानामागे किंवा बगलेत, सापडतोच.

तरी दगड जुळला म्हणजे काळ जुळला असं नाही. महाबलीपुरमला आजही ग्रॅनाइट घडवणारी माणसं आहेत आणि त्यांचं काम उत्तम असतं. ते नवं म्हणून विकलं जातं तोवर त्यात काही गैर नाही. मग प्रश्न पृष्ठभागावर येतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. ते घाव कसले आहेत, हे वाचता येतं. हातानं मारलेल्या टोकदार छिन्नीचे ठसे लांबी-खोलीत थोडे थोडे वेगळे असतात. फिरत्या चकतीनं कापलेल्या दगडावर समांतर, एकाच वक्रतेच्या बारीक रेघा राहतात, आणि पॉलिश केलं तरी वस्त्राच्या चुण्यांच्या तळाशी त्या शिल्लक असतात. तिथं सिलिकॉनचा मऊ लेप दाबून ठसा घ्यायचा आणि तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. याच पद्धतीनं २००८ साली लंडन आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयांतल्या दोन प्रसिद्ध 'प्राचीन मेक्सिकन' स्फटिक कवट्या आधुनिक ठरल्या. त्यातल्या एकीवर तर कार्बोरंडम या घासकामाच्या कृत्रिम पदार्थाचे अवशेष मिळाले, आणि कार्बोरंडम मुळात १८९० च्या दशकापासूनचं.

जुनेपणा आणण्यासाठी नकली मूर्ती करणारे ॲसिड लावतात, पोटॅशियम परमँगनेटनं रंगवतात, ओल्या मातीत पुरतात. खरी झीज एकसारखी नसते, हे त्यांना साधत नाही. पावसाचा मारा लागलेला खांदा, आडोशाला राहिलेली हनुवटी, भक्तांचे हात लागून गुळगुळीत झालेले पाय, सगळ्यांची झीज वेगवेगळी. ॲसिडनं आणलेलं म्हातारपण सगळीकडे सारख्याच वयाचं असतं. अतिनील दिव्याखाली बेसाल्ट काळाच राहतो. पण नाक किंवा हात मागाहून चिकटवलेला असेल, तर तिथला इपॉक्सी डिंक निळसर पांढरा उजळतो.

आता शेंदूर. आपल्या मुलखातल्या मूर्तींबद्दल मला सर्वांत जास्त कळकळीनं काही सांगायचं असेल तर ते याच्याविषयी आहे. बोरिवलीच्या एकसरला समुद्रातल्या लढाईचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, आहेत. वल्ह्यांची जहाजं, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा. असे कितीतरी वीरगळ, गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिळा), गणपती, मारुती कोकणात आणि देशावर शेंदराच्या थराखाली आहेत. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीचा शेंदूर उतरवल्यावर देवीचं मूळ रूप लोकांना दिसलं. त्या वेळी काम तज्ज्ञांच्या हातात होतं. घरच्या किंवा विकत घेतलेल्या मूर्तीवर मात्र तोच शेंदूर तारेच्या ब्रशनं खरवडून काढला जातो, कारण 'मूळ दगड' दिसला की किंमत चढते.

नखाएवढी शेंदराची खपली घेऊन तिचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पापुद्रे दिसतात: तांबडा थर, त्यावर काजळीची काळी रेघ, मग धूळ, पुन्हा तांबडा, कधी मध्येच चुन्याचा पांढरा. शेंदूर म्हणजे परंपरेनं शिशाचं ऑक्साइड. त्याऐवजी हिंगूळ हा दुसरा तांबडा रंग असेल तर त्यात पारा सापडतो. एक्स-रे टाकून मूलद्रव्यं ओळखणारं, हातात धरायचं एक्स-रे प्रतिदीप्ती यंत्र मूर्तीला ओरखडाही न काढता हे सांगतं. आणि शेंदूर तेलात कालवतात. तेल वनस्पतीचं, म्हणजे त्यात कार्बन आला. दगडाला न लागणारी कार्बन-१४ ची पद्धत इथं तत्त्वतः लावता येते, आणि आजच्या यंत्रांना काही मिलिग्रॅम कार्बन पुरतो. सर्वांत तळाचा थर तीनशे वर्षांपूर्वीचा निघाला, तर मूर्ती निदान तेवढी जुनी आहे हे ठरलं. जमवणाऱ्याला हवा असलेला पुरावा त्या तांबड्या थरात असतो, आणि तोच तो मोरीत धुऊन टाकतो. शिवाय कोरडा शेंदूर खरवडताना शिशाची धूळ नाकातोंडात जाते, घरात लहान मुलं असतील तर हे फार धोक्याचं.

धुण्याचा विषय निघाला आहे तर मुंबईच्या हवेबद्दल बोललंच पाहिजे. राजस्थानातला किंवा मध्य प्रदेशातला वालुकाश्म कोरड्या हवेत शतकानुशतकं टिकतो आणि वरळीच्या फ्लॅटमध्ये काही वर्षांत पीठ सोडू लागतो, असं का? साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळतं आणि खाली आली की पुन्हा स्फटिक बनतं. समुद्रावरच्या वाऱ्यातून आलेलं मीठ दगडाच्या छिद्रांत बसतं. जुलैत मुंबईची आर्द्रता ही रेघ ओलांडून बरीच वर असते, हिवाळ्यातल्या दुपारी बरीच खाली. दर वेळी छिद्रात वाढणारा स्फटिक भिंतींवर दाब देतो आणि वाळूचे कण सुटतात. दिवसा बंद आणि रात्री चालू अशा एसीच्या खोलीत पावसाळाभर हे चक्र रोज फिरू शकतं. बेसाल्ट घट्ट असल्यानं तो तग धरतो, वालुकाश्म नाही. मूर्ती सिमेंटच्या चौथऱ्यात बसवली तर सिमेंटमधले क्षारही वर चढतात. आणि आतला लोखंडी खिळा गंजून फुगला की घोट्यापाशी चीर पडते. स्टेनलेस स्टीलचा आधार, बाहेरच्या भिंतीपासून लांबची जागा, आणि पांढरी पूड दिसली तर ती ओल्या फडक्यानं न पुसता संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तूंची जपणूक करणाऱ्या तज्ज्ञाला, बोलावणं, एवढं करता येतं. संवर्धक कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून दगडावर थापतात, तो वाळताना मीठ ओढून घेतो.

एवढ्या सगळ्या तपासण्यांपेक्षा वरचढ पुरावा मात्र अनेकदा एखादं जुनं छायाचित्र ठरतं. तमिळनाडूतल्या वृद्धाचलमचा दगडी अर्धनारीश्वर सिडनीच्या न्यू साउथ वेल्स कलादालनानं २००४ साली विकत घेतला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातल्या फोटोत तोच अर्धनारीश्वर देवळाच्या भिंतीतल्या कोनाड्यात उभा होता. २०१४ मध्ये तो भारतात परतला. कंबोडियात कोह केरच्या देवळात दहाव्या शतकातल्या दुर्योधनाचे पाय बैठकीवर तसेच राहिले होते. बाकीचा दुर्योधन २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात आला. मोडलेल्या कडा जुळल्या. विक्री थांबली, आणि २०१४ मध्ये मूर्ती मायदेशी गेली. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यातल्या लोखरीची बकऱ्याच्या तोंडाची योगिनी इंग्लंडमधल्या एका घराच्या बागेत सापडली, ती २०२२ साली परत आली. लोखरीत पूर्वी काढलेले फोटो नसते, तर ती बागेतली शोभेची वस्तूच राहिली असती.

म्हणून माझं मत असं आहे की जिचं मूळ गाव, देऊळ, आधीचा मालक यांतलं काहीच सांगता येत नाही, अशी मूर्ती घेऊच नये, ती कितीही सुंदर असो. आपला १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या दगडी मूर्तीची नोंदणी मालकाला करावी लागते, विक्रेत्याला परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेल्या वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं तर १८७८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. नोंदणी हा अस्सलपणाचा दाखला नाही, हेही ध्यानात ठेवावं.

आजोबांनी गावाहून आणलेली मूर्ती घरात असेल, तर आधी चारी बाजूंनी आणि तळाचेही फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. उंची, रुंदी, मोडलेले भाग, मागच्या बाजूचे छिन्नीचे ठसे लिहून ठेवा. घरातली म्हातारी माणसं गावाचं, देवळाचं, ओढ्याचं जे नाव सांगतील ते तारखेसह नोंदवा. आपोआप गळलेली शेंदराची खपली केरात न टाकता डबीत घालून त्यावर चिठ्ठी लावा. आणि मूर्ती धुवायची असं कोणी म्हणालं, तर त्याला दोन दिवस थांबायला सांगून आधी एखाद्या संवर्धकाला दाखवा.