पॉलिशने चरा भरत नाही

"पॉलिश मारलं की चरा भरून निघतो" हे वाक्य गॅरेजमध्ये इतकी वर्षं ऐकू येतंय की ते खरंच वाटतं. तसं होत नाही. वॅक्स चरा तात्पुरता झाकतं, गाडी दोन-चारदा धुतली की तो पुन्हा दिसतो. मशीनने केलेलं पॉलिश मात्र चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणतं. म्हणजे गाडीवर काही चढत नाही, उतरतं.

किती उतरवता येईल? कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी असते. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५०, डोक्याच्या केसाहूनही पातळ. रंगाची जाडी मोजणारं गेज बोनेटवर टेकवलं, ११८ आकडा आला, की लोक म्हणतात, "भरपूर आहे!" पण गेज थेट पत्र्यापर्यंतची जाडी सांगतं, क्लिअर कोटची वेगळी नाही. घासायचं असतं फक्त त्यातलंच, आणि उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्यंही त्याच थरात असतात. तो संपला की पुन्हा रंगकामच.

म्हणून प्रत्येक पत्र्यावर पाच-सहा ठिकाणी मोजा, कडांना जास्त जपा. एखाद्या दारावर अचानक ३०० दिसलं तर खूश होऊ नका, तिथे बहुधा आधी रंगकाम झालंय. प्लास्टिकच्या बंपरवर साधं गेज चालतच नाही. आणि नख अडकेल इतका चरा खोल असेल, तर तो पूर्ण घालवण्याचा हट्ट सोडा. चऱ्याच्या कडा मऊ करून थांबा.