काटेरी तार आणि खुल्या चराईचा अस्त

काटेरी तार : पीळ दिलेल्या पोलादी तारांत ठरावीक अंतरावर अणकुचीदार काटे बसवून केलेले कुंपणाचे साधन. अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ मैदानांत १८७४ नंतरच्या सु. १५ वर्षांत शेती आणि पशुपालन यांचे संबंध या साधनाने बदलले.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने शेतकऱ्याला १६० एकर (सु. ६५ हे.) सरकारी जमीन मिळे, अट पाच वर्षे राहून कसण्याची. ती चौरस असल्यास भोवतीचे कुंपण सु. ३·२ किमी. लांब होई. पूर्वेकडे ते लाकडी फळ्यांचे करीत. कॅन्सस-नेब्रॅस्काच्या बिनझाडांच्या माळावर लाकूड रेल्वेने आणावे लागे. ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाची वई वाढायला तीन-चार वर्षे लागत, आणि साधी तार गुरे अंगाने रेटून वाकवीत. पीक राखण्याचा हा प्रश्न सुटल्याशिवाय जमिनीचा कागद हाती असूनही उपयोग नव्हता, हे विसरले की या तारेचे महत्त्व कळत नाही.

शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. फ्रान्समध्ये लेओंस ग्रासँ-बालदाँ यांनी १८६० मध्ये टोकदार धातुपट्ट्यांच्या कुंपणाचे पेटंट घेतले होते. पण अमेरिकन शोधांशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही. अमेरिकेत ल्यूशियन स्मिथ (१८६७), विल्यम हंट (१८६७) आणि मायकेल केली (१८६८) यांची पेटंटे आधीची आहेत. केली यांची रचना आजच्या तारेच्या बरीच जवळ जाते. इलिनॉयमधील डी काल्ब येथील १८७३ च्या जत्रेत हेन्री रोझ यांनी खिळे ठोकलेली लाकडी पट्टी मांडली. ती पाहणाऱ्यांत शेतकरी जोसेफ ग्लिडन, लाकूडव्यापारी जेकब हाइश आणि लोखंडी सामानाचे व्यापारी आयझॅक एलवुड हे तिघे होते, असे सांगितले जाते. ग्लिडन यांनी कॉफी दळण्याच्या हातयंत्रावर तार वळवून काटे केले आणि ते जागेवर राहावेत म्हणून दुसऱ्या तारेचा पीळ दिला. काटा सरकत नाही, हीच त्यातली खरी भर. ऑक्टोबर १८७३ मधील त्यांच्या अर्जाला हाइश यांनी हरकत घेतली. तरी २४ नोव्हेंबर १८७४ रोजी पेटंट क्र. १५७१२४ ग्लिडन यांना मिळाले. त्यातील निम्मा हिस्सा एलवुड यांनी २६५ डॉलरला घेतला होता. १८७६ मध्ये उरलेला निम्मा वॉशबर्न अँड मोएन या कंपनीने ६०,००० डॉलर आणि स्वामित्वशुल्क देऊन घेतला. आयोवात १८५८-५९ च्या सुमारास अशीच तार वापरात होती, या तोंडी साक्षी सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये अपुऱ्या ठरवल्या आणि पेटंट वैध मानले. पेटंटच्या कायद्यात अखेरचे पाऊल टाकणाराच जिंकतो, असे न्यायालय म्हणाले. तोवर पेटंटची मुदत संपलेली होती. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल अंतिम असला, तरी ‘एकट्या ग्लिडन यांचा शोध’ असे म्हणण्यापेक्षा शेतकऱ्यांच्या अनेक प्रयत्नांचे ते पक्व रूप मानणे अधिक ग्राह्य वाटते.

खप वेगाने वाढला : १८७४ मध्ये सु. ४·५ टन, १८८० मध्ये सु. ३६,००० टन. मोठ्या पशुपालकांनीही तार घेतली. टेक्ससमधून रेल्वेस्थानकांपर्यंत कळप हाकत नेण्याची वाट त्यामुळे अडली. शिवाय गोचिडांमुळे पसरणाऱ्या ‘टेक्सस ज्वरा’च्या भीतीने कॅन्ससने त्या गुरांना मज्जाव केलाच होता. १८८३ च्या दुष्काळात पाणवठे कुंपणाआड गेल्यावर टेक्ससमध्ये रात्री तारा कापल्या जाऊ लागल्या. राज्य विधिमंडळाच्या १८८४ च्या खास अधिवेशनाने तार कापणे हा गंभीर गुन्हा ठरवला, आणि सार्वजनिक रस्त्यावर आडव्या येणाऱ्या कुंपणाला दर तीन मैलांवर फाटक ठेवणे सक्तीचे केले. संघराज्याच्या जमिनीवरील बेकायदा कुंपणांना १८८५ च्या कायद्याने बंदी घातली. टेक्ससची सार्वजनिक जमीन राज्याच्याच मालकीची असल्याने तो तेथे लागू नव्हता. न्यू मेक्सिकोत सामाईक कुरणे गमावलेल्या स्पॅनिशभाषक गावकऱ्यांनी १८८९-९० मध्ये ‘लास गोरास ब्लांकास’ (पांढऱ्या टोप्या) या नावाने कुंपणे तोडली. ज्या मूळ रहिवासी जमातींची ही शिकारभूमी होती, त्या तोवर राखीव क्षेत्रांत कोंडल्या गेल्या होत्या.

खुली चराई (बिनकुंपणाच्या माळावर गुरे मोकळी चारणे) तारेने संपवली, हे मत सरधोपट आहे. टेक्ससच्या उत्तर भागातील सु. ३२० किमी. लांबीच्या अडकुंपणाला १८८५-८६ च्या हिमवादळात वाऱ्यापुढे सरकणारी गुरे अडली आणि तेथेच गोठून मेली, हे खरे. मात्र १८८६-८७ च्या हिवाळ्यात माँटॅना-वायोमिंगमध्ये झालेल्या संहारामागे आधीच्या उन्हाळ्याचा दुष्काळ आणि कुरणांवर झालेली बेसुमार गर्दी ही कारणे मोठी दिसतात. त्यानंतर पशुपालक गवत कापून हिवाळ्यासाठी साठवू लागले, पवनचक्कीने पाणी उपसू लागले. गुराख्याच्या कामाचा बराच वेळ घोड्यावरून कुंपणाची फेरी मारण्यात आणि पक्कड-खिळे घेऊन तुटलेली तार सांधण्यात जाऊ लागला.