ट्रिस स्पीकरला झेल कळायचा कसा?

उंच उडालेला झेल कुणी धावत जाऊन टिपला, की समालोचक हमखास म्हणतात, 'चेंडू कुठे पडणार ते त्याला आधीच कळलं होतं!' कळलेलं नसतं. कळायची गरजही नसते.

अमेरिकन बेसबॉलमधला ट्रिस स्पीकर घ्या. टेक्सासच्या या गड्याचा उजवा हात लहानपणी घोड्यावरून पडून मोडला, म्हणून तो डाव्या हाताने फेकायला शिकला. १९०७ ते १९२८ ही कारकीर्द, बहुतेक बॉस्टन आणि क्लीव्हलंडकडून. त्याचा ७९२ डबल्सचा (एका फटक्यात दुसऱ्या टप्प्यापर्यंत, म्हणजे सेकंड बेसपर्यंत, पोहोचण्याचा) विक्रम अजून मोडलेला नाही. पण त्याची खरी करामत क्षेत्ररक्षणात. सेंटर फील्डर, म्हणजे मैदानात पार मागे मधोमध उभा राहणारा क्षेत्ररक्षक, असून तो सेकंड बेसच्या थोडासाच मागे उभा राहायचा! तेव्हा एकच चेंडू सामन्यात बराच वेळ चालायचा, मळून मऊ पडायचा आणि फार लांब जात नसे, म्हणून हे धाडस परवडायचं. तरी एखादा चेंडू डोक्यावरून जायचाच. मग हा वळून धावायचा आणि बहुधा गाठायचा.

त्यामागचं गणित १९६८ साली सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने मांडलं, आणि ते मला फार आवडतं. चेंडू आडवा सेकंदाला २० मीटर वेगाने येतोय आणि ४ सेकंद हवेत राहणार आहे, असं समजा. हवेचा रोध तूर्त सोडा. तुम्ही बरोबर पडण्याच्या जागी, ८० मीटरवर उभे असाल, तर चेंडूकडे वर पाहताना नजरेच्या उन्नत कोनाचा टॅन्जंट (चेंडूची उंची भागिले त्याचं तुमच्यापासूनचं आडवं अंतर) पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या सेकंदाला ०.२५, ०.४९, ०.७४ असा येतो. म्हणजे समान गतीने वाढतो. (सूत्र: गुरुत्वत्वरण गुणिले वेळ, भागिले आडव्या वेगाची दुप्पट. अंतर कटून जातं!) दहा मीटर पुढे उभे राहा: ०.२९, ०.६५, १.४७. वाढ भराभर होतेय, म्हणजे चेंडू डोक्यावरून जाणार, मागे पळा. वाढ मंदावली तर पुढे या. ती समान राहील असं पळत राहिलं की चेंडू आपोआप हातात. पडण्याची जागा डोक्यात काढावी लागतच नाही. वारा, रोध यांनी मार्ग वाकडा झाला तरी नजर दुरुस्ती करत राहते.

सगळ्यात फसवा झेल सरळ अंगावर येणारा, कारण त्याची वक्रता बाजूने दिसत नाही. स्पीकरला उपजत सहावं इंद्रिय होतं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: बॉस्टनमध्ये साय यंगसारखा दिग्गज पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) त्याच्या सरावासाठी उंच चेंडू मारत असे.