शिकवायचं कुठे? रस्त्यावरच्या किशोरांच्या शिक्षणामागचा जुना वाद

रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांना अक्षरओळख करून देण्याची धडपड जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गरीब वस्त्यांत मोफत शाळा चालत. अंगावर धड कपडे नसलेली मुलंही तिथे चालत. १८४४ मध्ये या शाळांची संघटना झाली. पण १८५७ च्या कायद्याने भटक्या मुलांना निवासी उद्योगशाळेत धाडण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला आणि पुढे बराच काळ 'आधी मूल उचला, मग शिकवा' हीच रीत अनेक देशांत रुळली.

तिला खरा छेद गेला तो ब्राझीलमध्ये. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रौढ मजुरांना त्यांच्याच रोजच्या बोलण्यातल्या शब्दांवरून वाचायला शिकवणारी पद्धत पुढे आली. १९६४ च्या लष्करी उठावानंतर ती बंद पाडली गेली, तिच्या प्रवर्तकाला तुरुंग आणि मग परागंदा होणं नशिबी आलं. त्याच विचारातून पुढे चौकाचौकांत जाऊन मुलांमध्ये बसणारे शिक्षक तयार झाले. १९८५ मध्ये देशव्यापी चळवळ उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी राजधानीत भरलेल्या मेळाव्यात ही मुलं स्वतः बोलली. १९९० च्या बालहक्क कायद्याने तर सार्वजनिक जागी येण्या-जाण्याचा आणि थांबण्याचा मुलांचा हक्कच लिहून ठेवला.

वाद पेटला तो या कलमावरून. विरोधकांचं म्हणणं, यामुळे पोलिसांचे आणि समाजसेवकांचे हात बांधले जातात. फुटपाथवर वर्ग भरवले की रस्ता सुसह्य होतो आणि मूल तिथेच राहतं. आक्षेप अगदीच पोकळ नाही. लहान मुलाला रात्री उघड्यावर सोडून कुठलाही धडा पुरा होत नाही. मात्र चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा हिशेब वेगळा असतो. तो कमावतो, बहुधा धाकट्यांनाही सांभाळतो. बळजबरीने नेलं तर तो पळून जातो आणि पुन्हा कोणावर विश्वास टाकत नाही. शाळेत गेला तर वाचता येत नाही म्हणून सात वर्षांच्या पोरांशेजारी बसावं लागतं, आणि ही लाज त्याला भुकेहून जड जाते. म्हणून त्याच्या कामाच्या वेळा सांभाळून, तो असेल तिथे सुरुवात करणं मला जास्त खरं वाटतं. निवारा त्याच्या जोडीला हवाच.

आंतरराष्ट्रीय पातळीवर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात शिक्षणाचा हक्क आला, पण रस्त्यावरच्या मुलांसाठी त्याचा सविस्तर अर्थ त्यांच्या बालहक्क समितीने २०१७ मध्ये लावला. लवचिक प्रवेश, फिरत्या शाळा, बाजारातली मागणी पाहून दिलेलं व्यवसायशिक्षण आणि तिथून नियमित शाळेत जाण्याची वाट, हे सगळं त्यात आहे. मुलांना सरसकट उचलून नेण्याला त्यात विरोध आहे. अडतं ते शेवटच्या टप्प्यावर. वाचायला शिकलेल्या मुलाला परीक्षेचा अर्ज भरताना जन्मदाखला आणि पत्ता विचारला जातो आणि त्याच्याकडे दोन्ही नसतात.