समालोचक नेहमी समोरच्याच संघाचा का वाटतो?

आयपीएल सुरू झाली की एक तक्रार हमखास कानावर येते: प्रक्षेपण करणाऱ्यांना मुंबई आणि चेन्नई हे दोनच संघ दिसतात आणि समालोचक त्यांचेच गोडवे गातात. या एका तक्रारीत दोन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या आहेत. लोकप्रिय संघ पडद्यावर जास्त दिसतो, ही पहिली. तिच्यात तथ्य आहे आणि कारणही साधे आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ही रक्कम जाहिरातींतून आणि वर्गणीतून वसूल करायची असल्यामुळे धोनी पॅड बांधून नुसता बसलेला असला, तरी कॅमेरा त्याच्याकडे वळतो. ते किती वेळा घडते, हे घड्याळ लावून मोजता येते.

समालोचकाची भाषाच एका संघाकडे झुकलेली असते, ही दुसरी तक्रार. तिचे मूळ बरेचदा ऐकणाऱ्याच्या डोक्यात सापडते. आमच्या घरी माझा धाकटा भाऊ मुंबईचा चाहता आहे आणि भाचा चेन्नईचा. एका सामन्यात मुंबईच्या गोलंदाजाने पायचीतचे अपील केले, पंचांनी नाबाद दिले आणि मुंबईने रिव्ह्यू घेतला. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागताना दिसत असेल, तर पंचांचा मूळ निर्णय कायम राहतो, तसेच झाले. समालोचक म्हणाला, ‘‘चेंडू यष्टीला चाटून जात होता, पण फलंदाज थोडक्यात वाचला.’’ भाऊ लगेच उसळला, ‘‘वाचला म्हणे! किती आनंद झालाय बघ याला.’’ त्याच क्षणी भाचा म्हणाला, ‘‘मामा, नाबाद म्हणजे नाबाद. चाटून जात होता हे कशाला सांगायचं? मुंबईची तळी उचलायला?’’ वाक्य एकच होते. भावाने त्यातला उत्तरार्ध उचलला आणि भाच्याने पूर्वार्ध.

या घटनेचा शास्त्रीय अवतार ७० वर्षांहून जुना आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठ आणि डार्टमथ महाविद्यालय यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा एक रांगडा सामना झाला. प्रिन्स्टनचा नामांकित खेळाडू डिक काझमायर याचे नाक मोडले, तर डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी सामन्याची एकच चित्रफीत दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथचे सरासरी ९.८ नियमभंग दिसले, डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे फक्त ४.३. मला यातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की प्रिन्स्टनच्या नियमभंगांची मोजणी मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच, अनुक्रमे ४.२ आणि ४.४ आली. म्हणजे डोळे सगळ्यांचे शाबूत होते आणि मोजताही येत होते. फरक पडला तो ‘याला नियमभंग म्हणायचे की नाही’ या एका निवाड्यात.

पुढे १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी लेबनॉनची राजधानी बैरूतमधील पॅलेस्टिनी निर्वासितांच्या १९८२ च्या हत्याकांडाच्या बातम्या इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच असूनही दोन्ही गटांना त्या आपल्या विरोधात झुकलेल्या वाटल्या. असे का व्हावे, याची तीन स्पष्टीकरणे संभवतात. माणसाला विरोधी मजकूर अधिक लक्षात राहत असेल. समोरच्याची बाजू मांडणेच त्याला गैर वाटत असेल. किंवा तटस्थ मजकूरही तो ‘विरोधी’ या खणात टाकत असेल. जनुकसंस्कारित अन्नाचे समर्थक आणि विरोधक यांच्यावर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या तिन्ही शक्यता तपासल्या गेल्या आणि पुरावा मिळाला तो तिसरीच्या, म्हणजे वर्गवारीच्या बाजूने. दोष स्मरणशक्तीत नसून, ऐकलेले वाक्य कोणत्या खणात टाकायचे या निवडीत होता.

त्याच विषयावरच्या दुसऱ्या प्रयोगात एकच मजकूर काहींना वृत्तपत्रातला लेख म्हणून, तर काहींना विद्यार्थ्याचा निबंध म्हणून वाचायला दिला. वृत्तपत्राचे नाव असताना तो विरोधी वाटला. निबंध म्हणून वाचताना ती भावना दिसली नाही. मजकूर असंख्य लोकांपर्यंत पोहोचणार, ते त्याने फितणार, ही धास्ती वर्गवारी कडक करते. कट्ट्यावरच्या मित्राने ‘‘थोडक्यात वाचला’’ म्हटले तर भाऊ मान डोलावतो. तेच वाक्य कोट्यवधी लोक ऐकत असले की त्याला ते झोंबते.

सामन्याच्या दिवशी राशी पाहून विजेता सांगणारे ज्योतिषी याच सवयीवर जगतात. खरे ठरलेले भाकीत ग्रहांच्या खात्यात जमा होते आणि चुकलेले ‘अपवाद’ या खणात जाते. शास्त्राच्या नावावर चालणारी ही फसवणूक थांबायला हवी. एका वाक्याची दृश्यफीत संथ करून ‘समालोचक विकला गेला’ असे ठरवणारेही नेमकी तीच चूक करतात. पक्षपात खरोखर तपासायचा असेल, तर पूर्ण सामन्याचे समालोचन लिहून काढावे, संघांची नावे झाकावीत आणि दोन्ही संघांशी देणेघेणे नसलेल्या माणसांकडून वाक्यांची वर्गवारी करून घ्यावी.

हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल यांच्या निबंधात एक प्रसंग नोंदलेला आहे. सामन्याची चित्रफीत डार्टमथच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे, दूरच्या शहरात पाठवली गेली होती. आपल्या संघाने भरपूर नियमभंग केल्याचे त्यांच्या कानावर आले होते, पण चित्रफितीत त्यांना ते दिसेनात. महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, तो विमानटपालाने पाठवावा, अशी तार त्यांनी केली आणि फीत जोडण्याचे साहित्य आपल्याकडे असल्याचेही तारेत कळवले.