टाळेबंदीने काय केलं, लशीने काय केलं

करोना ओसरला तो टाळेबंदीने की लशीने, हा वाद आमच्या ठाण्यात अजून निघतो. बरंचसं उत्तर तारखांतच आहे.

निर्बंध की लस, हा पेच तसा जुनाच. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. जानेवारी १८९७मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला. २०२० साली राज्याने निर्बंध लावले तेही याच कायद्याच्या आधाराने.

२५ मार्च २०२०ला देश बंद झाला, तेव्हा लस नव्हतीच. संसर्गाचा वेग मंदावला, पण तो थांबला नाही. वाशीचं एपीएमसी मार्केट, म्हणजे भाजीपाला-धान्याचा घाऊक बाजार, बंद ठेवलं तर मुंबई खाणार काय? आणि गोणी पाठीवर घेणाऱ्या माथाडीच्या खांद्याला दुसऱ्याचा हात लागतोच, तो अंतर कसं राखणार? मार्केटमध्ये रुग्ण वाढले आणि ११ ते १७ मे ते बंद करावंच लागलं. जुलैत ठाणे, नवी मुंबई पुन्हा १९ तारखेपर्यंत बंद. या बंदने वेळ मिळवून दिला. तेवढ्यात ठाण्यात बाळकुमला १,०२४ खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं. हे श्रेय टाळेबंदीला द्यायलाच हवं.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झालं. ४५ वर्षांवरच्या सगळ्यांची पाळी आली १ एप्रिलला, आणि १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण सापडले. डेल्टा हा विषाणूचा नवा प्रकार लशीच्या कितीतरी पुढे धावत होता. मेमध्ये लाट उतरू लागली तेव्हा दोन्ही डोस झालेले शंभरात दोन-तीनच होते. म्हणजे ती लाट लशीने उतरवली नाही. १४ एप्रिलपासूनच्या कडक निर्बंधांचा हातभार नक्कीच लागला. पण जून-जुलैत आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने देशभर तपासणी केली, तर ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी अँटिबॉडीज) आढळली, बहुतेकांची लागण होऊनच. वादात हा तिसरा घटक सगळे विसरतात, आणि त्याची किंमत तर माणसांनी जिवाने मोजली.

लशीची खरी परीक्षा पुढे झाली. १५ ऑगस्टपासून लोकल खुली झाली ती दुसऱ्या डोसला १४ दिवस झालेल्यांना. स्टेशनबाहेर पालिकेच्या टेबलावर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दाखवायचं, शिक्का घ्यायचा, मग खिडकीवर पास. कित्येक महिन्यांनी हातात आलेला तो पास लोक पुन्हा पुन्हा बघत होते.

४ डिसेंबरला ओमायक्रॉन या विषाणूच्या पुढच्या प्रकाराचा राज्यातला पहिला रुग्ण सापडला, तोही आपल्याच जिल्ह्यात, डोंबिवलीत. जानेवारी २०२२मध्ये दोन डोस झालेल्यांनाही सर्रास लागण झाली, कारण लागण रोखण्याची लशीची ताकद काही महिन्यांत उतरते आणि ओमायक्रॉन तिला चुकवतोही. आजार गंभीर होऊ न देण्याची ताकद मात्र टिकते. घरंच्या घरं तापाने झोपली, पाच-सहा दिवसांत उठली. एप्रिल २०२१मध्ये ऑक्सिजनच्या खाटेसाठी रात्रभर फोन फिरवणाऱ्या त्याच घरांत या वेळी पॅरासिटामॉल आणि वाफेवर भागलं. गुढीपाडव्याला राज्यातले सगळे निर्बंध उठले.