थंडीत धरणावर गळ टाकताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डिसेंबर लागला की परदेशी व्हिडिओ पाहून आलेले ग्राहक आमच्या दुकानात बास या माशाच्या हिवाळी मासेमारीची जड जिग (शिशाचे वजन जोडलेले गळ) आणि धातूची चकाकती आमिषे मागतात. ती आमच्याकडे मिळतात. तथापि पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील मजकूर वाचावा, अशी विनंती आहे.

अमेरिकेतील तळ्यांत राहणारा लार्जमाउथ बास पाणी साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की सुस्तावतो. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, त्यामुळे वरचा थर गोठला तरी तळाशी तेवढी ऊब टिकते. म्हणूनच तिकडे आमिष खोल सोडून अत्यंत संथपणे ओढतात. खडकवासला, पानशेत किंवा पवनेच्या जलाशयात बास नाही आणि तशी थंडीही नाही. पुण्यात पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरला, तरी एवढा मोठा जलसाठा हवेच्या मागोमाग गार होत नाही; सकाळी पाण्यावर दिसणारी वाफ त्याचीच खूण आहे. आपल्याकडील रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि चिलापी हे मासे थंडीतही खातात, मात्र कमी खातात आणि वेळ पाहून खातात. त्यामुळे नव्या सामानापेक्षा वेळ आणि जागा यांची निवड अधिक महत्त्वाची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्यात पहाटेची वेळ उत्तम असते, थंडीत नाही. काठचे उथळ पाणी रात्रभरात सर्वांत आधी गार होते आणि मासे उताराच्या खोल कडेला सरकतात. ऊन चढल्यावर, साधारण अकरा ते चार या वेळात, काळ्या खडकाचा आणि वारा न लागणारा काठ लवकर तापतो, तेव्हा मासे पुन्हा वर येतात. दुसरी गोष्ट आवर्तनाची, म्हणजे धरणातून शेतीसाठी पाणी सोडण्याच्या पाळीची. रब्बीसाठी कालव्यात पाणी सोडले की पातळी उतरू लागते, मासे नुकत्याच उघड्या पडू लागलेल्या काठापासून दूर जातात आणि आठवड्यापूर्वी हमखास लागणारी जागा रिकामी पडते. आवर्तन सुरू असेल तर नेहमीच्या जागेचा हट्ट धरू नये.

गार पाण्यात माशाचे पचन मंदावते, म्हणून चारा बेताने टाकावा. शेंगदाणा पेंडीचे मोठाले गोळे टाकल्यास मासा त्यावरच तृप्त होतो आणि गळाकडे फिरकत नाही. कणकेची गोळी हरभऱ्याएवढी पुरे, तंगूस (गळाची नायलॉन दोरी) बारीक आणि गळ लहान असावा. थंडीतील ओढ ओळखणे हे खरे कसब आहे. तळाशी चरणारा सायप्रिनस आमिष तोंडात घेऊन डोके वर करतो, त्याबरोबर दोरीला लावलेले शिशाचे वजन उचलले जाते आणि फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) बुडण्याऐवजी किंचित वर येऊन आडवा होऊ लागतो. पुष्कळ जण फ्लोट बुडण्याची वाट पाहतात आणि तेवढ्यात मासा आमिष थुंकून टाकतो. फ्लोट उठताच मनगटाने हलकी ओढ द्यावी. जोराचा हिसका दिल्यास बारीक तंगूस तुटते.

जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना दिलेले असतात, म्हणून तेथील परवानगी आधी घ्यावी. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाजांजवळ बसू नये. पाणी उतरलेल्या काठावरचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत मऊ असतो. त्यावर पाय ठेवण्यापूर्वी काठीने चाचपून पाहावे.

महाशीर लागल्यास तो सोडून द्यावा, असा आमचा आग्रह आहे. दख्खनच्या या माशाचे, म्हणजे टोर खुद्रीचे, शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून केले. पुढे टाटा पॉवरने लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याचे बीज तयार करून जलाशयांत सोडण्याचे मोठे काम केले. इतक्या कष्टाने जपलेला मासा कालवणासाठी नेऊ नये. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवल्यास गळ माशाच्या तोंडातून फारशी इजा न होता निघतो. हात ओले करून, शक्यतो पाण्यातच मासा सोडवावा.

तुटलेली तंगूस काठावर टाकू नये. याच महिन्यांत जलाशयांवर स्थलांतरित पक्षी उतरतात आणि त्यांच्या पायांत ती गुंतते. जुनी तंगूस गुंडाळून दुकानात आणून दिल्यास आम्ही तिचे बारीक तुकडे करून योग्य विल्हेवाट लावतो. रॉड व रील दुरुस्तीसाठी स्वीकारली जातात.